जांभळ्या विंचवाचा सत्कार

पंचाला कुणी जेवायला बोलावत नाही. सान हेरोनिमोच्या आखाड्यात मी बत्तीस वर्षं पंच होतो, आणि या बत्तीस वर्षांत गावाने मला मनापासून एकच वस्तू दिली, ती म्हणजे चष्मे. लोक माझ्या अंगावर चष्मे फेकायचे. जुने, फुटके, एका काडीचे. "घाल, आंधळ्या!" म्हणायचे. घरी खोकं भरलं होतं. त्यातला एक नेमका माझ्या नंबरचा निघाला, तो मी अजून वापरतो. तेव्हा माझी काही तक्रार नाही. पंचाला दिसायला लागलं तर बदमाशाने बदमाशी करायची कशी? न बघणं हे माझं काम होतं, आणि ते मी डोळ्यांत तेल घालून केलं.

पण गोष्ट माझी नाही, ओनेसिमोची आहे. नाव बदललंय, गावाचंही नाव बदललंय. ओळखीचं कुणी भेटलं तर त्याला सांगू नका. नाहीतर चाळीस वर्षांचं झाकलेलं उघडं पडेल आणि आम्पारो, म्हणजे ओनेसिमोची बायको, लाटणं घेऊन माझ्या घरी येईल. त्या बाईला मी भितो, यात लाज कसली?

आमच्या धंद्यात दोनच जाती. सज्जन आणि बदमाश. सज्जनाने नियमाने लढायचं, सुंदर उड्या मारायच्या आणि पोरांच्या वह्यांवर सह्या करायच्या. बदमाशाने डोळ्यांत बोटं घालायची, मागून लाथ मारायची आणि पोरांच्या वह्या फाडायच्या. ओनेसिमो बदमाश. जांभळा मुखवटा, त्यावर पिवळी नांगी, आणि नाव जांभळा विंचू. एकशे दहा किलो वजन. सोमवार ते शनिवार तो चौकातल्या बेकरीत मैदा मळायचा आणि रविवारी संध्याकाळी पाचला मुखवटा चढवून गावाच्या शिव्या खायचा. विंचू कोण हे फक्त चौघांना ठाऊक होतं. आम्पारोला, मला, त्याचा कायमचा वैरी सोनेरी धूमकेतू याला, आणि कबुलीजबाबापुरतं फादर माकारिओंना. फादर धूमकेतूचे भक्त. पापं ऐकून झाली की जाळीआडून विचारायचे, "आणि रविवारी कान चावलास, त्याचं काय?" त्याच्या प्रायश्चित्ताच्या प्रार्थना वेगळ्या सांगायचे. वीस!

ओनेसिमोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता, म्हणून आम्ही दोघं एकमेकांना कोम्पाद्रे म्हणतो. आता धूमकेतू म्हणजे रोसेंदो आणि विंचू म्हणजे ओनेसिमो, हे दोघं बावीस वर्षं एकमेकांच्या जिवावर उठले होते असं गाव समजायचं. आणि कपडे बदलायच्या खोलीत काय चालायचं? ओनेसिमो कापडात बांधून गोड पाव आणायचा. पहिला पाव रोसेंदोला. "आज कोणता गुडघा दुखतोय?" "उजवा." "बरं, मग डावा मोडतो." एवढं ठरलं की दोघं वेगवेगळ्या दारांनी बाहेर. रिंगमध्ये मी वाकून "सोड त्याला, राक्षसा!" असं ओरडायचो आणि त्याच दमात हळूच "अजून चार मिनिटं" सांगायचो. एकाने दुसऱ्याला उचलून आपटलं की खाली पडलेला वरच्याचा हात दाबायचा, म्हणजे ठीक आहे. दाबला नाही तर आमच्या तिघांच्या तोंडचं पाणी पळायचं. बावीस वर्षांत असं दोनदाच झालं, आणि दोन्ही वेळेला ओनेसिमो मुखवट्याच्या आत रडत होता आणि बाहेरून खदाखदा हसत होता.

लोकांना वाटायचं या माणसाला लोकांची चाड नाही. अहो, दर रविवारी दोन तास आधी येऊन तो पहिल्या तीन रांगांच्या एकूण एक खुर्च्या हलवून बघायचा. खिळा वर आला असेल तर ठोकायचा. "इथून मी रोसेंदोला बाहेर फेकणार. कुणाचा पाय कापला तर?" एकदा दुसऱ्या रांगेत एक गरोदर बाई बसली होती, तर या गड्याने सगळी कुस्ती उलट्या बाजूला नेली. मी विचारलं काय झालं, तर म्हणे "तिच्या बाजूला पडायचं नाही." शिव्या द्यायला तो माणूस निवडून घ्यायचा. गुबगुबीत, सुखी, बायकोशेजारी ऐटीत बसलेला. फाटक्या बुटाच्या माणसाकडे कधी वळला नाही. आणि पोरांच्या वह्या फाडायचा ना, त्यातही हिशेब होता. पान असं फाडायचा की अर्धं पोराच्या हातात राहावं. आमच्या गावात आजही चाळिशीतले बाप्ये ती अर्धी पानं पाकिटात घेऊन हिंडतात. रोसेंदोच्या सह्या कुठे गेल्या कुणास ठाऊक.

या सगळ्यांत दोन्या पेत्रा, म्हणजे पेत्राबाई, वेगळी. बाजारात सुक्या मिरचीचं दुकान. चणीने एवढीशी, आवाज मात्र घंटेसारखा. पहिल्या रांगेत, चार नंबरची खुर्ची, निळ्या दोराजवळ. मिरचीची पोती शिवायचं दाभण ती शालीत टोचून आणायची आणि विंचू दोरापाशी टेकला की त्याच्या बैठकीत खुपसायची. दाभण आठवडाभर मिरचीत असायचं. म्हणजे काय होत असेल याची कल्पना करा, मी सांगणार नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा मी तिला बाहेर काढायला निघालो, तर ओनेसिमोने माझी मान धरली, पंचावर हल्ला करण्याचं नाटक करत, आणि कानात म्हणाला, "राहू दे. बाईचा नवरा वारलाय मागच्या महिन्यात."

पुढे सव्वीस वर्षं ते दाभण खाल्लं त्याने. गंमत पुढेच आहे. दोन्या पेत्रा दर मंगळवारी त्याच्याच बेकरीत पाव घ्यायला यायची, आणि काउंटरपलीकडे ओनेसिमो उभा. त्या दिवशी त्याला उभंच राहावं लागायचं.

"ओनेसिमो, परवा बघायला हवं होतंस तू! असं घुसवलं, असं, की तो हरामखोर वीतभर उडाला!"

"कुठे, दोन्या पेत्रा?" हा भला माणूस विचारायचा.

"डावीकडे. मागच्या खेपेला उजवीकडे घातलं होतं."

"बरं केलंत. फार माजलाय तो."

आणि तिच्या पिशवीत एक पाव जास्तीचा टाकायचा. गावात ज्याची शिवी चांगली, त्याला ओनेसिमोकडे जास्तीचा पाव मिळे. का, ते कुणाला कळलं नाही.

साठाव्या वर्षी गुडघे गेले आणि त्याने मुखवटा पेटीत ठेवला. कुणाकडून हरला नाही, मुखवटा कुणी उतरवला नाही. आमच्यात याहून मोठी इभ्रत नाही. नंतर दहा वर्षं नुसता पाव.

मग मागच्या वर्षी आखाडा पाडायचं ठरलं. तिथे मोटारी लावायची जागा होणार. त्याआधी शेवटचा रविवार मोठा करायचा, आणि जांभळ्या विंचवाचा जाहीर सत्कार करायचा. नगरपालिकेतली एक मुलगी कागद घेऊन माझ्याकडे आली, कारण विंचू कुठे राहतो हे तिला कोण सांगणार? मी कागद घेऊन बेकरीत गेलो. सत्कार म्हटल्यावर ओनेसिमोचा चेहरा पडला. फलकावरचा मजकूर वाचून दाखवल्यावर तर तो मैद्याच्या पोत्यावर बसलाच.

"'सान हेरोनिमोच्या लाडक्या जांभळ्या विंचवास.' कोम्पाद्रे, लाडक्या? लाडक्या असं लिहिलंय?"

"पितळेवर कोरून झालंय म्हणे."

"म्हणजे खोडताही येणार नाही."

आम्पारो भट्टीकडून ओरडली, "तीस वर्षं लोक याला शिव्या देत होते तेव्हा मी रडत होते. आता टाळ्या वाजवणार तर हा रडतोय. देवा, मला एक साधा नवरा द्यायला तुझं काय जात होतं?"

पण मला त्याचं दुखणं कळलं होतं. तो मला म्हणाला, "टाळी काय, कशालाही वाजते रे. शाळेतल्या भाषणाला वाजते. शिवी पोटातून यावी लागते. माणूस आठवडाभर मालकाचं ऐकतो, सासूचं ऐकतो, भाव वाढले ते ऐकतो. रविवारी येऊन मला शिव्या घालतो आणि हलका होऊन घरी जातो. ते काम होतं माझं. आता शेवटच्या दिवशी ते उभं राहून टाळ्या वाजवणार म्हणजे त्यांना काय वाटणार? की हा कधी वाईट नव्हताच. आपला राग फुकट गेला."

"पण तू नव्हतासच वाईट."

"ते तुला माहीत. त्यांना का कळावं?" मग माझा हात धरून म्हणाला, "मी जाईन. पण हुर्यो घेऊनच बाहेर पडेन. एकदाच, शेवटची. नाहीतर मी जन्मभर केलं काय?"

झालं. तीन आठवडे आमची तालीम चालली, बेकरीच्या मागच्या खोलीत. रोसेंदोही आला. त्याच्या कमरेत आता पोलाद आहे. "उजवीकडे हवं ते कर, डावीकडे हात लावू नकोस, तिकडचं परत मिळत नाही." आम्ही तीन दुष्ट डाव ठरवले. पहिला, गावाला माइकवरून शिव्या. दुसरा, महापौरांना धक्का. तिसरा, रोसेंदोला खुर्ची. मी म्हटलं, यातल्या पहिल्यातच दंगल होईल. मला काय माहीत, दहा वर्षांत माणसं एवढी बिघडतात!

रविवारी पाच वाजता आखाडा भरून वाहत होता. माझ्या पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्याला पोटावर बटणं लागेनात, आम्पारोने टाके घातले. बँड वाजला, पडदा सरला, विंचू आला. आणि मग सगळं गाव उठून उभं राहिलं आणि टाळ्या वाजवायला लागलं. ज्या कोपऱ्यातून खाऊन झालेली कणसं यायची त्या कोपऱ्यातून फुलं आली. फुलं हो! मला तर ओशाळल्यासारखं झालं.

ओनेसिमोने माइक हिसकावला. "सान हेरोनिमोच्या उंदरांनो!" तो गरजला. "आंघोळ न करता येता, उधार खाता..." आणि नऊशे माणसांनी एका सुरात वाक्य पुरं केलं, "...आणि घाबरलात की आईच्या पदराआड लपता!" सगळ्यांना पाठ! म्हाताऱ्यांना, बायकांना, ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता त्यांनाही. पाठ म्हणून झाल्यावर स्वतःलाच टाळ्या.

महापौर फलक घेऊन पुढे आले, "आपल्या सर्वांचा लाडका" म्हणाले, आणि ओनेसिमोने त्यांना असा धक्का दिला की ते बँडच्या ढोलात जाऊन बसले. त्या दिवसातली सगळ्यांत मोठी टाळी ती. "पुन्हा! पुन्हा!" असा गजर झाला. बँडवालेही टाळ्या वाजवत होते.

राहिली खुर्ची. रोसेंदोच्या उजव्या खांद्यावर खुर्ची मोडली. रोसेंदो झकास कोसळला, सत्तरीतही काय कोसळतो तो! आणि दुसऱ्या रांगेतला एक आजोबा नातवाला सांगतोय, "बघ, बघ राजा, हीच ती. तुझा बाबा लहान असताना अस्सीच मारायचा." नातू फोनवर फोटो काढतोय.

मीही माझ्याकडून जीव तोडून केलं. रोसेंदो उठून बसला होता, तरी मी एक-दोन-तीन मोजून विंचवाचा हात वर केला. असा निकाल मी एकदा दिला होता तेव्हा मला मागच्या दाराने बटाट्याच्या गाडीतून पळवून न्यावं लागलं होतं. आता काय झालं? माझ्यासाठी टाळ्या! बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. बरं वाटलं याचा रागही आला.

ओनेसिमो धापा टाकत माझ्याजवळ आला. "फिदेन्सिओ," तो म्हणाला, आणि तो मला नावाने हाक मारतो तेव्हा प्रकरण गंभीर असतं, "हे लोक प्रेम करतायत रे माझ्यावर. काहीतरी कर."

"मी काय करू? पंच आहे मी, सरकार नाही."

त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याला चार नंबरची खुर्ची दिसली. दोन्या पेत्रा बसली होती. एक्याऐंशी वर्षांची, अंगावर मांस असं नाहीच, दोन वर्षांपासून काठी. पण डोळे विंचवावर, आणि शालीत दाभण. ओनेसिमोचा जीव भांड्यात पडलेला मी लांबून पाहिला. तो तडक तिच्या बाजूच्या दोरापाशी गेला, पाठ फिरवली, वाकला आणि थांबला. एवढ्या आशेने उभं राहिलेलं माणूस मी पाहिलेलं नाही.

दोन्या पेत्राने दाभण काढलं. हातात धरलं. आणि परत शालीत टोचून ठेवलं. मग पिशवीतून फडक्यात बांधलेलं एक पुडकं काढून त्याच्या पाठीवर थोपटलं. "इकडे बघ. घे. सेमिता आहे. दमला असशील. झालं गेलं गंगेला मिळालं, असं समज. मी तुला माफ केलं, पोरा."

तिचे खरे शब्द थोडे वेगळे होते, आमच्याकडे गंगा कुठली आलीय, पण अर्थ हाच. सगळ्या आखाड्याने ते ऐकलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बँडने निरोपाचं गाणं सुरू केलं. ढोलातून बाहेर काढलेले महापौरसुद्धा रडत होते.

ओनेसिमो पुडकं हातात घेऊन उभा. मी त्याच्यापासून दोन पावलांवर होतो. मुखवट्याच्या भोकांतून मला त्याचे डोळे दिसत होते. मला वाटलं, संपलं. आता हा तिच्या हाताचं चुंबन घेणार. आणि त्यालाही तेच करायचं होतं, नंतर त्याने मला सांगितलं. सेमिताचा तो तिळाचा पाव त्याच्याच भट्टीतला होता, आदल्या दिवशी त्यानेच तिच्या पिशवीत घातला होता. तिने घरी जाऊन मांस तळलं, चीज घातलं, अवोकादो कापला. त्याच्यासाठी.

त्याने फडकं सोडलं. एक घास घेतला. लोक कौतुकाने बघतायत. त्याने घास चावला, तोंड वाकडं केलं आणि थू करून थुंकला. मग माइक उचलला.

"म्हातारे, ही मिरची आहे की गवत?"

बँड थांबला.

"चाळीस वर्षं गावाला मिरची म्हणून वाळलेलं गवत विकलंस? माझी म्हैसदेखील तोंड लावणार नाही याला!" आणि त्याने ती सेमिता रिंगमध्ये टाकली आणि तिच्यावर बूट ठेवला.

आमच्याकडे पाव जमिनीवर पडला तर माणूस तो उचलून ओठांना लावतो. बेकरीत एखादा चुरा पडला तरी ओनेसिमो वाकतो, गुडघे ओरडत असले तरी. त्याने पाव तुडवला. मग मागच्या रांगेतून कुणीतरी, आवाज फाटलेला, "ए डुकरा! म्हातारीचा घास तुडवतोस?" आणि मग हुर्यो उठली. छप्पर पत्र्याचं, ते थरथरायला लागलं. कणसं आली, पेले आले, उशा आल्या, तो आजोबा नातवाचा बूट काढून फेकत होता. पितळेचा फलक कुणी फेकला कळलं नाही, पण तो लागला मला. कपाळावर चार टाके. डॉक्टर म्हणाला, 'लाडक्या'मधला 'ला' स्पष्ट उमटलाय.

आणि दोन्या पेत्रा उठली. काठी खुर्चीपाशीच राहिली. मी दोर वर धरला, ती खालून आत आली, हातात दाभण. "गवत? गवत म्हणालास? थांब, तुला दाखवते गवत!" ओनेसिमो पळाला. नाटक नव्हतं ते, खरोखर पळत होता, दोन्ही गुडघे धरून. ती त्याच्यामागे. तीनदा गाठलं तिने. प्रत्येक वेळेला नऊशे माणसं "ओले!" म्हणून ओरडली. तिसऱ्या वेळेला तो दोरावरून उलटा बाहेर पडला आणि शिव्यांच्या पावसात कपडे बदलायच्या खोलीत पोचला.

तासभर आम्हाला बाहेर पडता आलं नाही. दाराबाहेर लोक त्याच्या सात पिढ्या उद्धरत होते. ओनेसिमो बाकावर पालथा पडला होता आणि आम्पारो दारूचा बोळा लावत होती. "ऐक," तो म्हणत होता, "ऐक कोम्पाद्रे, तो खाटकाचा आवाज. काय सुंदर देतोय!" रोसेंदो कमरेला बर्फ लावून हसत होता. मग ओनेसिमोने मान वर केली.

"पण तिने खरंच माफ केलं होतं रे," तो म्हणाला. "मनापासून केलं होतं. म्हातारं माणूस. कोण जाणे किती दिवसांची सोबत आहे तिची. मला माझी हुर्यो हवी होती म्हणून मी तिच्या अन्नावर पाय दिला."

आम्पारोने बोळा जरा जोरात दाबला, एवढंच.

सोमवारी तो जेवला नाही. फादर माकारिओंकडे गेला. त्यांनी पावासाठी शंभर प्रार्थना सांगितल्या आणि म्हणाले, बाईबद्दल मी काय सांगू, ते तीच सांगेल. मंगळवारी सकाळी मी बेकरीत जाऊन बसलो, कपाळाला पट्टी बांधून. दहा वाजले. साडेदहा. ती नेहमी नवाला येते. ओनेसिमो दर मिनिटाला दाराकडे बघत होता आणि गिऱ्हाइकाला भलतेच पाव देत होता. "आजारी पडली असेल," तो म्हणाला. "मी पाडली."

पावणेअकराला दार धाडकन उघडलं.

"ओनेसिमो!" दोन्या पेत्रा म्हणाली. "बाकीच्यांना बाहेर काढ आणि दार लाव. मला शिव्या द्यायच्यात."

मला तिने बाहेर काढलं नाही. मला ती माणसात धरत नाही. आणि मग तिने जी सुरुवात केली, पाऊण तास! विंचवाचे आईबाप, आजे, त्याची म्हैस, म्हशीची रेडकं. ओनेसिमो मधूनमधून "बरोबर", "अगदी बरोबर" म्हणत होता. शेवटी ती दमून पोत्यावर टेकली आणि पाणी मागितलं.

"तुला म्हणून सांगते," ती म्हणाली. "गुरुवारी माझं पोटाचं ऑपरेशन आहे पुएब्लाला. डॉक्टर म्हणाला, या वयात काही सांगता येत नाही. फादर म्हणाले, शत्रूंना माफ करून जा. शत्रू कोण माझे? धाकटी जाऊ, समोरचा बटाटेवाला आणि तो विंचू. जाऊ मेली, आपोआप माफ झाली. बटाटेवाल्याला शनिवारी केलं. राहिला तो. म्हणून सेमिता करून नेली. सगळं आवरलं होतं बघ मी. मला पुरताना घालायचा काळा पोशाख इस्त्री करून ठेवला होता. सुनेला किल्ल्या दिल्या होत्या. नुसतं जायचं राहिलं होतं."

ओनेसिमो काउंटरला दोन्ही हातांनी धरून उभा होता. "आणि आता?"

"आता? आता कसली जाते! माझ्या मिरचीला गवत म्हणाला तो. सगळ्या गावासमोर! काल किल्ल्या परत घेतल्या सुनेकडून. फादरना जाऊन सांगितलं, बाकी जगाला माफ, या एकाला नाही. याच्यासाठी मला परत यावं लागणार. तुला काय वाटतं, चुकलं का माझं?"

"नाही, दोन्या पेत्रा," ओनेसिमो म्हणाला. "तुम्ही त्याला माफ करू नका. काही झालं तरी करू नका."

"नाहीच करणार."

"वचन द्या मला."

"दिलं की. रडतोस कशाला वेड्यासारखा? मैदा भिजेल." आणि पाव घेऊन गेली.

गुरुवारी बेकरी बंद होती. आमच्या चौकात दोन युद्धं आणि एक भूकंप झाला तरी ती बेकरी बंद राहिली नव्हती. ओनेसिमो चर्चमध्ये बसला होता, मी त्याच्या शेजारी. प्रार्थना म्हणत होतो की नाही, मला आठवत नाही.

शनिवारी तिची सून पाव न्यायला आली. शिक्षिका आहे, सभ्य बाई, शब्द तोलून बोलणारी. ऑपरेशन नीट झालं म्हणाली. "पण फार लाज आणली हो सासूबाईंनी. शुद्धीवर येत होत्या, डॉक्टर वाकून बघत होते, तोंडावर तो त्यांचा कापडी मुखवटा. त्यांनी डोळे उघडले, मुखवटा पाहिला आणि डॉक्टरांचा कान धरला. दोन नर्सना सोडवावा लागला. आणि विंचवाचं नाव घेऊन अशी शिवी दिली, अशी दिली, की डॉक्टर म्हणाले, यांच्या प्रकृतीची काळजी करायचं कारण नाही."

"काय म्हणाल्या?" ओनेसिमोने विचारलं.

सुनेने आजूबाजूला पाहिलं. दुकानात सात-आठ माणसं होती. तिने पुढे वाकून खालच्या आवाजात शिवी सांगितली.

"मोठ्याने बाई, मला जरा कमी ऐकू येतं."

ती लाल झाली, पण तिने मोठ्याने सांगितली. लांबलचक होती, मधे म्हैसही होती. ओनेसिमोने डोळे मिटून ती शेवटच्या शब्दापर्यंत ऐकली.

"पुन्हा एकदा," तो म्हणाला. "सुरुवातीपासून."